दीर्घ व्याधी आणि दीर्घ सेवा
पूर्व विदर्भातील लोकारोग्याच्या इतिहासाचे एक अवलोकन

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चार दानांची परंपरा जैन समाजाने शतकानुशतके श्रद्धेने जोपासली आहे. व्यापाराच्या निमित्ताने ज्या ज्या गावी समाजाची चार घरे स्थिरावली, त्या गावी प्रथम मंदिर अथवा स्थानक उभे राहिले आणि त्यामागोमाग पाणपोई, धर्मशाळा व धर्मार्थ दवाखाना यांचा विचार सुरू झाला. एखाद्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात मागे वळून पाहताना या दानपरंपरेचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारणेही अगत्याचे ठरते. पूर्वजांच्या काळी माणसे ज्या रोगांनी दगावत होती, ते रोग आज उरले आहेत काय? आणि रोग बदलले असतील, तर औषधदानाचे स्वरूप तेच ठेवून चालेल काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या मातीतच गेल्या पाऊणशे वर्षांत दीर्घकाळ चालणाऱ्या व्याधींशी लोकसहभागातून झुंज देण्याचे काही मोलाचे प्रयोग झाले आहेत. त्यांचा एकत्रित विचार केला असता सर्वांच्या मुळाशी एकच सूत्र आढळते. जो रोग वर्षानुवर्षे चालतो, त्याच्याशी सामनाही वर्षानुवर्षेच करावा लागतो आणि हे काम रुग्णालयाच्या इमारतीत कमी, गावाच्या गल्लीत अधिक होते.

रेल्वे, बाजारपेठ आणि साथी

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग झाला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग त्यास येऊन मिळाला. गोंदिया जंक्शन झाले. धान, लाख, डिंक, तेंदूपत्ता आणि कापड यांची पेठ येथे वाढली. राजस्थान, गुजरात आणि बुंदेलखंडातून व्यापारी कुटुंबे येऊन वसली. माल ज्या गाडीने येई, त्याच गाडीने रोगही येत. पटकी, देवी, प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा या साथींनी त्या काळी देशभर हाहाकार माजवला.

साथीच्या रोगाचा एक स्वभाव असतो. तो वादळासारखा येतो, घरे ओस पाडतो आणि निघून जातो. त्याचा सामना करणाऱ्या सेवेलाही तसेच रूप येते. संकट येताच थैल्या मोकळ्या होतात, स्वयंसेवक धावतात, आणि साथ ओसरली की सर्व जण आपापल्या व्यवसायास लागतात. समाजाच्या सेवावृत्तीला हे वळण त्या काळी पडले आणि ते योग्यच होते.

परंतु रोगांचा दुसरा एक वर्ग आहे. तो आवाज न करता येतो, शरीरात वर्षानुवर्षे मुक्काम करतो आणि माणसाला एकदम मारीत नाही. तो हाताची बोटे झिजवतो, पाय सुजवतो, मूत्रपिंड पोखरतो, हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद करतो. या वर्गातील रोगांशी लढण्याचा पहिला पद्धतशीर धडा पूर्व विदर्भाला कुष्ठरोगाने शिकवला.

वर्ध्याचा धडा : कुष्ठरोग

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेचे डॉ. हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधून काढला. हा रोग पापाचे फळ नसून जंतूचे कार्य आहे, हे त्यातून सिद्ध झाले. समाजाच्या मनातील भय मात्र त्यानंतरही अनेक पिढ्या टिकून राहिले. रुग्णाला गावाबाहेर काढणे हाच उपाय मानला जात होता. या काळोखात १९३६ मध्ये विनोबाजींच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले. सेवाग्राम आश्रमात स्वतः महात्मा गांधींनी परचुरे शास्त्री या कुष्ठपीडित संस्कृत पंडितांची आपल्या हातांनी शुश्रूषा केली. १९४६ मध्ये अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवनाची उभारणी केली आणि त्यानंतर काही वर्षांतच वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले. या चारही नावांपुढे मस्तक नम्र होते.

तथापि लोकारोग्याच्या दृष्टीने खरे वळण आले ते १९५१ मध्ये. गांधी स्मारक निधीतून वर्धा येथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाची स्थापना झाली. डॉ. रा. वि. वारदेकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे एक साधा परंतु मूलगामी विचार पुढे आला. रुग्णाला आश्रमात आणून त्याची सेवा करणे हे करुणेचे कार्य आहे, पण त्यामुळे रोगाचा प्रसार थांबत नाही. आश्रमात रुग्ण येतो तोवर त्याच्या घरातील व शेजारातील अनेकांना बाधा होऊन गेलेली असते. म्हणून कार्यकर्त्याने गावात जावे, प्रत्येक घराची यादी करावी, लहानथोर प्रत्येक व्यक्तीची त्वचा तपासावी, लोकांना रोगाची खरी माहिती द्यावी आणि ज्यांना बाधा आढळेल त्यांना त्यांच्याच गावी औषध द्यावे. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री सेवाग्रामच्या परिसरातील गावांत प्रथम राबवली गेली. १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशाने हीच पद्धती स्वीकारली.

त्या काळी डॅप्सोन ही गोळी नव्यानेच उपलब्ध झाली होती. गोळी स्वस्त होती, पण ती कित्येक वर्षे अखंड घ्यावी लागे. चट्टा फिका पडला, की रुग्णास वाटे, आपण बरे झालो. मग गोळी सुटे आणि रोग पुन्हा डोके वर काढी. अशा वेळी ठरलेल्या दिवशी झाडाखाली बसून वाट पाहणारा आणि रुग्ण न आल्यास सायकलने त्याच्या शेतावर पोहोचणारा कुष्ठ कार्यकर्ता हाच खरा उपचार होता. त्याच्या पिशवीत गोळ्यांच्या डब्याबरोबर एक वही असे. कोण आला, कोण चुकला, कोणाच्या घरी जावयाचे आहे, हे सर्व त्या वहीत असे.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. तो नव्या पद्धतीने प्रथम राबवणाऱ्या देशातील मोजक्या जिल्ह्यांत वर्धा होता. त्यामागे तेथील जुन्या वह्यांचे आणि तयार कार्यकर्त्यांचे पाठबळ होते. १९८१ मध्ये देशात दर दहा हजारांमागे सुमारे ५७ रुग्ण होते. डिसेंबर २००५ मध्ये ते प्रमाण एकाहून खाली आले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे घोषित करण्यात आले.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. यापुढील भाग अधिक बोधप्रद आहे. घोषणेनंतर सर्वत्र एक प्रकारची निश्चिंती आली. घरोघरचे स्वतंत्र सर्वेक्षण मंदावले. परिणामी लपलेले रुग्ण लपूनच राहिले आणि २०१६ पासून पुन्हा घरोघरी जाऊन रुग्णशोध मोहिमा हाती घ्याव्या लागल्या. या रोगाचा जंतू शरीरात सरासरी पाच वर्षे, कधी कधी वीस वर्षेही, लक्षणांविना राहतो. असा शत्रू घोषणेने मागे हटत नाही. देशात अजूनही दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण आढळतात आणि पूर्व विदर्भातील जिल्ह्यांना या बाबतीत निश्चिंत राहता येत नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद वैयक्तिक कायद्यांतून काढून टाकण्यास २०१९ साल उजाडावे लागले. औषधापेक्षा मन बदलण्यास अधिक काळ लागतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

रात्रीचे रक्त : हत्तीपाय

भंडारा-गोंदियाच्या जुन्या पिढीला हत्तीपाय हा रोग नव्याने सांगण्याची गरज नाही. एकेकाळी गावोगावी सुजलेला पाय ओढीत चालणारी माणसे दिसत. हा रोग मारीत नाही. माणसाला कामावरून, बाजारातून आणि पंक्तीतून मात्र उठवतो. १८७२ मध्ये कलकत्ता येथे डॉ. लुईस यांनी माणसाच्या रक्तात त्याचे सूक्ष्म कृमी पाहिले आणि त्यानंतर काही वर्षांतच डॉ. मॅन्सन यांनी डासाशी त्याचे नाते दाखवून दिले. या कृमींची एक विचित्र रीत आहे. ते दिवसा शरीराच्या आत दडून राहतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात. म्हणूनच हत्तीरोग विभागाचे कर्मचारी रात्री साडेआठनंतर कंदील वा विजेरी घेऊन घरोघरी फिरत आणि निजलेल्या माणसांना उठवून बोटातून रक्ताचा थेंब घेत. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे कितीतरी काम या अनामिक रात्रपाळीने केले आहे.

सूज एकदा कायमची झाली, की कोणतेही औषध तो पाय पूर्ववत करू शकत नाही. म्हणून बाधा होण्यापूर्वीच संपूर्ण गावाला औषध देण्याचा मार्ग निघाला. २००४ पासून देशातील बाधित जिल्ह्यांत वर्षातून एकदा सर्वांना डीईसी गोळ्या देण्याची मोहीम सुरू झाली. पुढे तिला अल्बेंडाझोलची जोड मिळाली आणि जानेवारी २०१९ मध्ये शेजारच्या नागपूर जिल्ह्यात तिसरे औषध आयव्हरमेक्टिन देण्याचा प्रारंभ झाला. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती स्त्रिया व गंभीर आजारी व्यक्ती यांना वगळून इतर सर्वांनी ही गोळी घ्यावयाची असते, आणि ती उपाशीपोटी घ्यावयाची नसते.

येथे एक अडचण सातत्याने पुढे आली. जो निरोगी आहे, त्याने गोळी का घ्यावी? अनेक घरांत गोळ्या स्वीकारल्या जात आणि फडताळात ठेवून दिल्या जात. सुशिक्षित व व्यापारी वस्त्यांत तर नकार अधिक ठामपणे येई. वास्तविक एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी गोळी प्रत्यक्ष गिळली, तरच रोगाची साखळी तुटते, असा शास्त्राचा निष्कर्ष आहे. शरीरातील प्रौढ कृमी कित्येक वर्षे जगतो, म्हणून ही मोहीमही ओळीने अनेक वर्षे चालवावी लागते. आता कर्मचाऱ्याच्या समक्ष गोळी गिळण्याचा आग्रह धरला जातो, तो याच कारणास्तव. देशातून हत्तीरोग हटवण्यासाठी २०२७ हे वर्ष उद्दिष्ट म्हणून ठरवण्यात आले आहे. आपल्या घरात रोग नसतानाही शेजाऱ्यासाठी एक गोळी घेणे, ही आधुनिक काळातील अभयदानाची एक रीतच मानावयास हवी.

याच्या जोडीला डासांचा प्रश्न येतो. हत्तीपायाचा डास साचलेल्या घाण पाण्यात, तुंबलेल्या नालीत आणि शौचालयाच्या टाकीत वाढतो. प्रथम अस्वच्छता होऊ द्यावयाची आणि मग त्यात उपजलेल्या जीवांचा औषध फवारून संहार करावयाचा, हे जैन विचारास मानवणारे नाही. पाणी साचू न देणे, शौचालयाच्या वायुनलिकेस जाळी बांधणे, नाली वाहती ठेवणे, म्हणजे जीवोत्पत्तीच होऊ न देणे, ही खरी यतना होय. धर्माचा विवेक आणि आरोग्यशास्त्राचा सल्ला येथे एकाच उंबरठ्यावर येऊन उभे राहतात.

विवाहापूर्वीची एक तपासणी : सिकलसेल

काही व्याधी डास वा जंतूंनी येत नाहीत. त्या रक्तातूनच वारशाने येतात. सिकलसेल ही पूर्व विदर्भातील अशी एक व्याधी आहे. आदिवासी, अनुसूचित जाती तसेच काही अन्य समाजांत तिचे प्रमाण अधिक आढळते. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णास असह्य वेदना होतात. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य ग्रस्त होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक व्यक्ती स्वतः निरोगी दिसते. म्हणून तपासणीशिवाय कळण्याचा मार्ग नाही.

महाराष्ट्रात शाळा, आश्रमशाळा आणि गावपातळीवर या तपासण्या बरीच वर्षे चालू आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. परंतु प्रयोगशाळेतील अहवाल हा निम्माच भाग होय. उरलेला निम्मा भाग विवाह जुळवणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींच्या हाती आहे. पत्रिका पाहताना रक्ताचा अहवालही पाहण्याची रीत पडली, तर एका पिढीत मोठा फरक पडू शकतो. लपवाछपवीमुळे कुष्ठरोगाने जे नुकसान केले, त्याची पुनरावृत्ती येथे होऊ नये.

पानठेला आणि घर : तंबाखू

रक्ताचा वारसा माणसाच्या हाती नसतो. सवयींचा वारसा मात्र त्याच्या हाती असतो. गोंदिया-भंडारा हा विडी उद्योगाचा जुना प्रदेश आहे. जंगलातून तेंदूपत्ता येई आणि घरोघरी स्त्रिया सूप मांडीवर घेऊन विड्या वळीत. या उद्योगाने हजारो चुली पेटत्या ठेवल्या, ही वस्तुस्थिती नाकारता येणार नाही. त्याचबरोबर तंबाखूच्या धुळीने वळणाऱ्याची आणि धुराने ओढणाऱ्याची छाती पोखरली, ही वस्तुस्थितीही तितकीच खरी आहे. विडीच्या जोडीला पुढे खर्रा आला. सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून तयार होणारा हा पदार्थ आज विदर्भातील प्रत्येक पानठेल्यावर मिळतो. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली. खर्ऱ्याचा प्रसार मात्र थांबला नाही. मुखाचा कर्करोग हे त्याचे अखेरचे स्थानक होय.

या संदर्भात गडचिरोलीचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. गावोगावच्या स्त्रियांच्या आणि संघटनांच्या दीर्घ आंदोलनानंतर १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. कायदा झाल्याने काम संपत नाही, हे ओळखून २०१६ मध्ये शासन व टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने 'मुक्तिपथ' हा जिल्हाव्यापी उपक्रम सुरू करण्यात आला. गावसभेचा ठराव, विक्री बंद करण्यासाठी गावाची संघटना, शाळांतून प्रबोधन आणि व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी उपचार, असे त्याचे चार पदर आहेत. व्यसन हे एकट्या माणसाचे दौर्बल्य नसून त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेचेही फळ आहे, हा त्यामागील विचार होय. सप्तव्यसनांचा त्याग ही जैन आचाराची पहिली पायरी मानली जाते आणि १९४९ मध्ये आचार्य तुलसी यांनी प्रवर्तित केलेल्या अणुव्रत आंदोलनातही व्यसनमुक्तीला स्थान होते. तथापि आपल्या दुकानात काम करणाऱ्या नोकराच्या खिशात खर्ऱ्याची पुडी आहे काय, हा प्रश्न किती मालक विचारतात?

मौन राहणारे रोग

आता आपल्या स्वतःच्या अंगणाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. मधुमेह व रक्तदाब हे आज व्यापारी समाजाचे खरे सोबती झाले आहेत. निर्व्यसनी व शाकाहारी असल्याने आपण सुरक्षित आहोत, अशी एक समजूत समाजात रूढ आहे. शाकाहाराचे लाभ निर्विवाद आहेत. परंतु सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर बैठक, दिवसाकाठी अनेक वेळा साखरेचा चहा, तळलेले फरसाण, तूप-मिठाई आणि चालण्याचा अभाव या गोष्टीही शाकाहारीच आहेत! २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. हे रोग मौन राहतात. दुखत नाही, खुपत नाही. म्हणून माणूस वैद्याकडे जात नाही आणि अर्धांगवायूचा झटका हीच पुष्कळदा पहिली खूण ठरते.

असे रोग लोकसहभागातून रोखता येतात काय? याचे उत्तर जगाने दिले आहे. फिनलंड देशातील उत्तर कारेलिया या प्रांतात हृदयविकाराने तरुण पुरुष मोठ्या संख्येने मरत. तेथील लोकांनीच शासनाकडे मागणी केली आणि १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का या तरुण वैद्याच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला. गृहिणींच्या मंडळांनी स्वयंपाकातील लोणी व मीठ कमी केले, दुकानदारांनी साथ दिली, दुग्धोत्पादक शेतकऱ्यांना फळांच्या लागवडीकडे वळवण्यात आले, धूम्रपान सोडण्याच्या गावागावांत स्पर्धा झाल्या. सुमारे ३५ वर्षांत त्या प्रांतातील कर्त्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. चीनमधील डाचिंग शहरात १९८६ पासून सहा वर्षे मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना आहार व व्यायामाचे मार्गदर्शन देण्यात आले. तीस वर्षांनी पाहता त्यांच्यात मधुमेह सरासरी चार वर्षे उशिरा आला आणि हृदयविकारही कमी आढळला. भारतात चेन्नई येथील अशाच अभ्यासात तीन वर्षांच्या अवधीत केवळ सल्ला घेतलेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर आहार-व्यायामाचा पाठपुरावा झालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर थांबले. सल्ला आणि पाठपुरावा यांतील अंतर किती मोठे असते, ते या दोन आकड्यांत दिसते.

शेजारच्याच भंडाऱ्याचे उदाहरण तर अधिक जवळचे आहे. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया हा त्याच जिल्ह्याचा भाग होता. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७-१८ मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा यांच्यासह भंडारा होता. या उपक्रमात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. ठरावीक स्वस्त गोळ्या, त्यांचा अखंड पुरवठा, गावाजवळच्या केंद्रात महिन्याकाठी तपासणी आणि जो रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही त्याचा शोध, एवढेच त्याचे स्वरूप होते. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने त्याचा गौरव झाला. पाऊणशे वर्षांपूर्वी सेवाग्रामच्या परिसरात सायकलवर फिरणाऱ्या कुष्ठ कार्यकर्त्याचीच ही पद्धती होती; नाव तेवढे नवे होते.

शिबिर आणि वही

आजच्या काळी धर्मादाय संस्थांची आरोग्यसेवा प्रामुख्याने शिबिरांच्या रूपाने चालते. शिबिरांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, कृत्रिम अवयवांचे वाटप, रक्तदान ही कार्ये एका दिवसात पूर्ण होतात आणि त्यांचे पुण्यही तत्काळ दिसते. मधुमेह व रक्तदाबाचे तसे नाही. शिबिरात शंभर जणांची साखर तपासली, पंधरा जणांची वाढलेली आढळली, त्यांच्या हाती चिठ्ठी दिली. त्यानंतर? त्या पंधरांपैकी वैद्याकडे किती गेले, गोळी किती जणांनी चालू ठेवली, सहा महिन्यांनी साखर किती होती, याची नोंद बहुधा कोठेही नसते. छायाचित्र निघते, अहवालात लाभार्थींची संख्या छापली जाते आणि पुढील वर्षी तेच लोक पुन्हा रांगेत उभे राहतात.

कोणताही व्यापारी उधारीचा व्यवहार अशा रीतीने करणार नाही. माल दिला आणि नाव लिहिले नाही, असे पेढीवर घडत नाही. रोजमेळात नोंद होते, खतावणीत खाते उघडते, बाकी काढली जाते आणि मुदत टळली की माणूस वसुलीस जातो. वर्ष संपले तरी खाते संपत नाही; बाकी पुढे ओढली जाते. दीर्घ व्याधीच्या सेवेला नेमकी हीच शिस्त हवी असते. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या ही शिस्त आपल्या रक्तात मुरवली, तो समाज आरोग्याच्या क्षेत्रात मात्र वहीविना व्यवहार करीत राहावा, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

अशा कार्याला खर्च फार येत नाही, पण माणूस लागतो आणि काळ लागतो. रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र, साखर तपासण्याचे एक यंत्र, दर महिन्याचा एक ठरलेला दिवस आणि नोंद ठेवणारी दोन विश्वासू माणसे, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. महिला मंडळ स्वयंपाकघरातील तेल, मीठ व साखर यांचा हिशेब हाती घेऊ शकते. चातुर्मासापूर्वी मधुमेही व रक्तदाबाच्या तपस्वींची यादी करून, उपवासात औषधाचे प्रमाण कसे ठेवावे याचा वैद्यकीय सल्ला त्यांना देता येईल. निवृत्त मंडळींना प्रभातफेरीच्या निमित्ताने चालण्याची सवय लावता येईल. शासनाच्या आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी विनामूल्य होते आणि आशा कार्यकर्ती त्यासाठी घरोघरी फिरतात. २०१६ पासून गोंदियास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. संस्थेने त्यांच्याशी दुवा जोडला, तर उपचार त्यांचे आणि पाठपुरावा समाजाचा, अशी विभागणी सहज साधेल. ही वही केवळ समाजबांधवांपुरती न ठेवता दुकानातील नोकर, हमाल, दारी येणारी मोलकरीण यांची नावेही तीत असावीत. रोग जात पाहत नाही. सेवेनेही पाहू नये.

एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी. वहीत लिहिलेली नावे गुप्त राहिली पाहिजेत. अमुक घरात मधुमेह आहे, ही वार्ता परिचय मेळाव्यात पोहोचली, तर पुढच्या महिन्यापासून कोणी तपासणीस येणार नाही. कुष्ठरोगाच्या इतिहासाने ही किंमत पुरेपूर मोजून दाखवली आहे.

उपसंहार

जैन आचारात पच्चक्खाण एकदा घेऊन भागत नाही. ते रोज घ्यावे लागते. ऊनोदरी, म्हणजे भुकेहून दोन घास कमी जेवणे, हे तप उपवासाइतके दिसत नाही, पण ते आयुष्यभर चालते. आरोग्याचेही तसेच आहे. सेवाग्रामच्या परिसरातील कार्यकर्ता, रात्रीच्या अंधारात रक्ताचा थेंब घेणारा कर्मचारी, गडचिरोलीच्या गावसभेत उभी राहिलेली स्त्री आणि भंडाऱ्याच्या केंद्रात चुकलेल्या रुग्णाला निरोप धाडणारी परिचारिका, या सर्वांनी जे साधले, ते एका दिवसाच्या उत्साहाने नव्हे. थेंबे थेंबे तळे साचते, ही म्हण तलावांच्या या जिल्ह्याला तरी समजावून सांगावी लागू नये.

पन्नास वर्षे अखंड टिकलेली संस्था हे सातत्याचे मूर्तिमंत उदाहरण असते. तिच्यापाशी इमारत असते, विश्वास असतो आणि दोन पिढ्यांची ओळख असते. दीर्घ व्याधीशी लढण्यासाठी याहून वेगळे भांडवल लागत नाही. दीपावलीस प्रत्येक पेढीवर नव्या वह्यांचे पूजन होते, त्यांवर शुभ-लाभ लिहिले जाते. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल वर्षात त्या वह्यांच्या राशीत एक वही आरोग्याची असावी. पहिल्या पानावर पहिले नाव पडावे आणि शतकमहोत्सवाच्या वेळी नातवंडांनी ती उघडून पाहावी. बाकी किती आजोबांची आयुष्ये पुढे ओढली गेली, याचा हिशेब त्यांना तीतच सापडेल.